शाळेतील बंदूक : एका चुकलेल्या प्रश्नाचा इतिहास

एप्रिल १९९९ मध्ये आम्ही एम.एस्सी.च्या परीक्षेची तयारी करीत होतो. वसतिगृहाच्या वाचनखोलीत आलेल्या वर्तमानपत्रात एक छायाचित्र होते. दोन्ही हात डोक्यावर ठेवून शाळेच्या इमारतीतून रांगेने पळत बाहेर येणारी मुले. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील कोलंबाइन हायस्कूलमध्ये २० एप्रिल रोजी दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला, १२ विद्यार्थी व १ शिक्षक यांना ठार मारले आणि शेवटी स्वतःवर गोळ्या झाडून घेतल्या, अशी ती बातमी होती.

पुढच्या काही दिवसांत बातमीला कारणेही जोडली गेली. ती दोन मुले काळे लांब कोट घालणाऱ्या एका टोळीतील होती, एकलकोंडी होती. खेळाडू मुले त्यांना छळीत, म्हणून त्यांनी खेळाडूंना वेचून मारले. संगणकावरील हिंसक खेळांनी त्यांची डोकी बिघडवली होती. ही कारणे आम्हाला पटली. इतकी ओळखीची वाटली की ती तपासून पाहावीत असे मनातही आले नाही. काही वर्षांनी एका शिक्षक-प्रशिक्षण वर्गात आम्ही ती जशीच्या तशी सांगितलीही. तेव्हा मागच्या बाकावरील एका प्राथमिक शाळेतल्या बाईंनी विचारले, "पण आधी कोणालाच काही कळले नव्हते का?" आम्ही सांगितले, "नाही. अशा गोष्टी अचानकच घडतात."

आमचे हे उत्तर चुकीचे होते. सांगितलेली कारणेही बहुतेक चुकीची किंवा अपुरी होती. कारणांचा शोध घेताना अभ्यासक, सरकार आणि वर्तमानपत्रे कोठे चुकली, आणि प्रश्नच बदलल्यावर उत्तरे कशी मिळू लागली, याचा इतिहास शिक्षकांनी माहीत करून घेण्यासारखा आहे. कारण चुकले की उपाय चुकतो, आणि शाळेतील चुकलेल्या उपायाची किंमत मुलेच मोजतात.

भाकीत आणि आलेख

शिक्षणसंस्थेत बंदूक ही अमेरिकेत नवी गोष्ट नाही. १८४० मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या आवारात तोंड झाकलेल्या एका विद्यार्थ्याने कायद्याचे प्राध्यापक जॉन डेव्हिस यांच्यावर गोळी झाडली व दोन दिवसांनी ते मरण पावले. (या विद्यापीठाकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.) १९७९ मध्ये सॅन दिएगो येथे सोळा वर्षांच्या मुलीने समोरच्या प्राथमिक शाळेवर घरातून गोळीबार करून मुख्याध्यापक व एक कर्मचारी यांचा जीव घेतला. पण अशा घटना सुट्या सुट्या मानल्या जात. त्यांच्यामागे एखादे समान कारण असेल असे कोणी म्हणत नव्हते.

१९८५ नंतर चित्र बदलले. मोठ्या शहरांत किशोरवयीन मुलांच्या हातून होणाऱ्या हत्यांचा आलेख वेगाने वर चढू लागला आणि १९९३-९४ च्या सुमारास शिखरावर पोचला. याचे कारण काय? १९९५ मध्ये दोन उत्तरे जवळजवळ एकाच वेळी पुढे आली.

पहिले उत्तर राज्यशास्त्रज्ञ जॉन डीयुलिओ यांचे. त्यांच्या मते मुलांची एक नवीच, दयामाया नसलेली पिढी तयार होत होती. तिला त्यांनी 'सुपरप्रिडेटर', म्हणजे महाशिकारी, असे नाव दिले आणि येत्या काही वर्षांत हिंसेची मोठी लाट येईल असे भाकीत केले. दुसरे उत्तर कार्नेगी मेलन विद्यापीठातील आल्फ्रेड ब्लमस्टाइन यांचे. त्यांनी आलेखाचे दोन भाग पाडले : बंदुकीने झालेल्या हत्या आणि इतर साधनांनी झालेल्या हत्या. तेव्हा दिसले की वाढ बंदुकीच्या हत्यांतच झाली होती; उरलेला आलेख जवळपास सपाट होता. मुले स्वभावानेच क्रूर झाली असती तर चाकू, काठी आणि हात यांनी होणाऱ्या हत्याही वाढावयास हव्या होत्या. त्या वाढल्या नव्हत्या. कोकेनच्या स्वस्त प्रकाराचा धंदा शहरांत पसरला, त्यात मुले ओढली गेली, त्यांच्या हातात पिस्तुले आली. आणि मग धंद्यात नसलेली मुलेही भीतीपोटी पिस्तूल बाळगू लागली, असे त्यांचे स्पष्टीकरण होते.

शास्त्रात दोन कल्पनांचा निवाडा भाकितावरून होतो. येथेही तो झाला. १९९४ नंतर किशोरांच्या हिंसेचा आलेख उतरू लागला आणि २००० पर्यंत बराच खाली आला. महाशिकाऱ्यांची पिढी आलीच नाही. डीयुलिओ यांनी आपले भाकीत चुकल्याचे पुढे स्वतः मान्य केले. पण तोवर त्या कल्पनेने कायद्यांत घर केले होते.

त्यापूर्वीच, १९९४ मध्ये, अमेरिकी संसदेने शाळांसाठी एक कायदा केला होता. शाळेत बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्याला किमान एक वर्ष शाळेबाहेर काढावे, अशी त्यात तरतूद होती. हेतू रास्त होता. परंतु शाळांनी हा नियम ताणत नेला. 'शून्य सहिष्णुता' या नावाखाली खेळण्यातली बंदूक, नखे कापायचे साधन, रागात बोललेले एखादे वाक्य, यांसाठीही मुलांना काढून टाकण्यात येऊ लागले. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने नेमलेल्या अभ्यासगटाने २००६ मध्ये उपलब्ध संशोधन तपासले तेव्हा या धोरणामुळे शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. शाळेबाहेर काढलेले मूल नाहीसे होत नाही. ते घरी जाते, एकटे पडते, आणि त्याच्याकडे रोज पाहणारे शिक्षकांचे डोळे तेवढे कमी होतात. एप्रिल २००२ मध्ये जर्मनीतील एरफुर्ट येथे १६ जणांचा जीव घेणारा १९ वर्षांचा तरुण त्याच शाळेतून काही महिने आधी काढून टाकलेला विद्यार्थी होता.

कोलंबाइनमध्ये खरे काय घडले?

कोलंबाइनचा तपास पूर्ण होत गेला तसतशी पहिल्या आठवड्यातील गोष्ट विरत गेली. ती मुले त्या कोटवाल्या गटाची सभासद नव्हती. त्यांना मित्र होते, दोघेही पिझ्झाच्या दुकानात काम करीत, दोघांचेही आईवडील घरात होते. त्यांनी खेळाडूंना वेचले नव्हते. उलट, शाळेच्या उपाहारगृहात त्यांनी प्रोपेन वायूच्या टाक्यांचे दोन बॉम्ब ठेवले होते. ते फुटले असते तर शेकडो मुले मेली असती. कोण खेळाडू आणि कोण नाही हा प्रश्नच उरला नसता. बॉम्ब फुटले नाहीत म्हणून ती घटना 'गोळीबार' या नावाने ओळखली जाते.

आणि आधी कोणाला कळले होते का? होय. एका मुलाने संगणकावरील आपल्या पानावर दिलेल्या धमक्यांची तक्रार एका कुटुंबाने मार्च १९९८ मध्ये, म्हणजे तेरा महिने आधी, पोलिसांकडे केली होती. त्याच्या घराच्या झडतीसाठी अर्जाचा मसुदाही तयार झाला होता. तो न्यायाधीशांपुढे कधी गेलाच नाही. दुसऱ्याने घटनेच्या काही आठवडे आधी वर्गात एक कथा लिहून दिली होती. लांब कोट घातलेला माणूस मुलांना गोळ्या घालतो, अशी ती कथा. शिक्षिकेला ती वाचून धास्ती वाटली. तिने मुलाशी बोलणे केले, आईवडिलांच्या कानावर घातले, शाळेच्या समुपदेशकालाही कथा दाखवली. 'ही फक्त गोष्ट आहे', असे मुलाने सांगितले आणि विषय संपला. तो मुलगा कित्येक महिने आपल्या वहीत मरणाविषयी लिहीत होता, हे नंतर उघड झाले.

त्या शिक्षिकेला दोष देण्यात अर्थ नाही. तिला जे करता आले ते तिने केले. पोलिसांकडे एक तुकडा होता, शिक्षिकेकडे दुसरा, मित्रांकडे तिसरा. हे तुकडे एका टेबलावर आणण्याची काही रीतच नव्हती.

लक्षणांची यादी आणि साधे गणित

कोलंबाइननंतर मात्र सगळे वेगळ्याच प्रश्नामागे लागले : असा मुलगा ओळखावयाचा कसा? गोळीबार करणाऱ्याची लक्षणे सांगणाऱ्या याद्या निघाल्या. एकलकोंडा, काळे कपडे घालणारा, हिंसक चित्रपट पाहणारा, मोडलेल्या घरातला. शाळाशाळांतून अशा मुलांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले.

या यादीत काय चूक आहे हे आठवीच्या वर्गातही गणिताने दाखवता येईल. अमेरिकेच्या सरकारी शाळांत सुमारे ५ कोटी विद्यार्थी आहेत. समजा, वर्षाला त्यांतील १० जण खरोखर असा हल्ला करण्याच्या बेतात आहेत. समजा, आपल्याकडे एक अद्‌भुत चाचणी आहे. ती त्या दहाही जणांना अचूक पकडते आणि निरपराध मुलांपैकी ९९ टक्क्यांना निरपराधच ठरवते. चूक फक्त १ टक्का. पण ५ कोटींचा १ टक्का म्हणजे ५ लाख. म्हणजे चाचणीने पकडलेल्या दर ५०,००० मुलांमागे एक खरा आणि बाकीचे सगळे निरपराध. दुर्मिळ रोगाच्या चाचणीत जी अडचण येते तीच ही. आणि लक्षणांच्या याद्यांची अचूकता ९९ टक्क्यांच्या जवळपासही नव्हती.

अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने, म्हणजे एफबीआयने, २००० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात लक्षणांच्या याद्या वापरू नका असा स्पष्ट इशारा दिला. त्याच अहवालात 'लीकेज', म्हणजे गळती, हा शब्द आला. हल्ला करणारा मुलगा आपला बेत जाणता-अजाणता बाहेर पाझरू देतो : बोलण्यातून, चित्रातून, निबंधातून, फुशारकीतून.

प्रश्न बदलला

२००२ मध्ये आणखी एक अहवाल आला. अमेरिकेची सीक्रेट सर्व्हिस, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचे संरक्षण करणारी संस्था, आणि शिक्षण खाते यांनी तो मिळून केला होता. राष्ट्राध्यक्षावर कोण हल्ला करील हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही, हे या संस्थेला अनुभवाने ठाऊक होते. म्हणून त्यांनी 'तो कसा होता' हे बाजूला ठेवले आणि 'हल्ल्यापर्यंतच्या वाटेवर त्याने काय काय केले' हे विचारले. १९७४ ते २००० या काळातील ३७ घटना, त्यांतील ४१ हल्लेखोर. पोलीस, न्यायालय व शाळा यांची कागदपत्रे वाचली आणि दहा हल्लेखोरांशी तुरुंगात जाऊन बोलणे केले.

निष्कर्ष असे होते. सगळे मुलगे होते, यापलीकडे त्यांचे एकच एक चित्र निघत नव्हते. जवळजवळ दोनतृतीयांश मुले आईवडील दोघांबरोबर राहत होती. ४१ टक्के मुलांना शाळेत चांगले गुण मिळत. हिंसक संगणकीय खेळांची आवड फक्त १२ टक्क्यांत दिसली. आमची पहिली गोष्ट येथे पार कोसळली.

पण काही बाबी पुन्हा पुन्हा येत होत्या. ७१ टक्के मुलांना आपला छळ झाला, आपल्याला दुखावले गेले, असे वाटत होते. ७८ टक्के मुलांनी पूर्वी आत्महत्येचा विचार किंवा प्रयत्न केलेला होता. जवळजवळ सर्वांच्या आयुष्यात अलीकडे काहीतरी हरवले होते : जवळचे माणूस, मैत्री, मान. यावरून छळ हेच कारण, असा सोपा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. छळ सोसणारी, काही गमावलेली मुले लाखोंनी असतात आणि त्यांतील जवळजवळ कोणीही बंदूक उचलीत नाही. या बाबी आपल्याला 'कोण' हे सांगत नाहीत. कोणाला मदत हवी आहे, एवढे सांगतात.

याशिवाय दोन आकडे आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. ८१ टक्के घटनांत हल्लेखोराच्या मनात काय चालले आहे हे किमान एका व्यक्तीला आधी ठाऊक होते. ५९ टक्के घटनांत एकाहून अधिक जणांना ठाऊक होते. ही माणसे जवळजवळ नेहमी मित्र, वर्गमित्र किंवा भावंडे होती, मोठी माणसे क्वचितच. हल्ला ज्याच्यावर करावयाचा त्याला थेट धमकी देणारे मात्र फक्त १७ टक्के होते. आणि दुसरा आकडा : ६८ टक्के मुलांनी बंदूक स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरातून आणली होती.

म्हणजे 'कोणता मुलगा असे करील?' हा प्रश्न सोडून 'आधी कोणाला कळले होते?' आणि 'बंदूक कोठून आली?' हे दोन प्रश्न विचारले की उपायाच्या दोन वाटा समोर येतात.

बंदूक कोठून आली?

मार्च १९९८ मध्ये आर्कान्सा राज्यातील जोन्सबरो येथे ११ आणि १३ वर्षांच्या दोन मुलांनी शाळेजवळच्या झाडीत दबा धरून चार मुली व एक शिक्षिका यांना ठार मारले. त्या सकाळी त्यांनी प्रथम एकाच्या घरची पोलादी तिजोरी उघडण्याचा प्रयत्न केला होता. ती उघडेना. मग जी पिस्तुले तिजोरीबाहेर पडली होती ती त्यांनी उचलली, आणि तेथून ते आजोबांच्या घरी गेले. लांब पल्ल्याच्या रायफली तेथे मिळाल्या. कुलपाने काय होणार, असे म्हणणाऱ्यांनी ही घटना लक्षात ठेवावी. जेथे पक्के कुलूप होते तेथे ती मुले हरली होती.

घरातील बंदुकीचा धोका मोजण्याचे काम वैद्यकीय संशोधकांनी त्याआधीच सुरू केले होते. १९९३ मध्ये आर्थर केलरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. घरात बंदूक असली तर त्या घरात कोणाची तरी हत्या होण्याचा धोका वाढलेला दिसतो, असा त्याचा निष्कर्ष होता. संशोधनाला पैसा रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, दिला होता. बंदूक बाळगणाऱ्यांच्या संघटना संतापल्या. १९९६ मध्ये जे डिकी या संसद सदस्याच्या नावाने ओळखली जाणारी एक दुरुस्ती मंजूर झाली : या केंद्राचा पैसा बंदूक-नियंत्रणाचा पुरस्कार करण्यासाठी वापरू नये. केंद्र या विषयावर जेवढा खर्च करीत असे तेवढीच, २६ लाख डॉलर, रक्कम अंदाजपत्रकात त्या कामातून काढून घेण्यात आली. संशोधनावर शब्दशः बंदी नव्हती, पण इशारा सर्वांना समजला. जवळजवळ दोन दशके हा विषय उपाशी राहिला. ज्या काळात प्रत्येक गोळीबारानंतर 'कारण काय?' असे देश विचारीत होता, त्याच काळात कारण शोधण्याचे दार त्याने स्वतःच लावून घेतले होते. २०१२ मध्ये खुद्द डिकी यांनी आपले मत बदलले आणि संशोधन व्हावे असे जाहीरपणे लिहिले. प्रत्यक्ष पैसा मिळाला तो २०२० च्या अंदाजपत्रकात, अडीच कोटी डॉलर.

याच २०२० साली एक रेषा ओलांडली गेली. अमेरिकेत १ ते १९ या वयोगटातील मृत्यूंचे पहिल्या क्रमांकाचे कारण तोवर मोटार अपघात हे होते. त्या वर्षी त्याची जागा बंदुकीने घेतली. ही तुलना बोलकी आहे. मोटारीच्या अपघातांवर १९६६ पासून पद्धतशीर काम झाले. 'वाईट चालक कोण?' एवढ्यावरच न थांबता गाडीची रचना, सीटचे पट्टे, रस्त्यांची आखणी, परवान्याचे वय यांवर संशोधन झाले आणि मृत्यू उतरत गेले. मोटारी कोणी जप्त केल्या नाहीत.

येथे प्रमाणही सांगितले पाहिजे. अमेरिकेत शाळकरी वयातील मुलांच्या ज्या हत्या होतात त्यांतील ३ टक्क्यांहून कमी शाळेत होतात. बाकीच्या घरात आणि रस्त्यावर. त्याखेरीज आत्महत्या आणि अपघाताने सुटलेल्या गोळ्या. म्हणून बंदूक कुलपात ठेवण्याचा फायदा शाळेपेक्षा घरातच अधिक दिसतो. मुलांच्या हाती बंदूक पडेल अशी ती ठेवणाऱ्या पालकाला जबाबदार धरणारा कायदा फ्लॉरिडाने १९८९ मध्ये प्रथम केला. अशा कायद्यांमुळे मुलांच्या आत्महत्या व अपघाती मृत्यू कमी होतात याला आज चांगला पुरावा आहे.

इतर देशांनीही धडे घेतले. जर्मनीतील विनेन्डेन येथे २००९ मध्ये १७ वर्षांच्या मुलाने वडिलांच्या शयनगृहात उघड्यावर ठेवलेल्या पिस्तुलाने १५ जणांना मारले. त्यानंतर शस्त्रे घरात कशी ठेवली आहेत हे पूर्वसूचना न देता तपासण्याचा अधिकार तेथील यंत्रणेला मिळाला. स्कॉटलंडमधील डनब्लेन येथे १९९६ मध्ये १६ लहान मुले व त्यांची शिक्षिका यांचा जीव घेणारा प्रौढ पुरुष होता, विद्यार्थी नव्हता. पण त्यानंतर ब्रिटनने १९९७ मध्ये जवळजवळ सर्व खाजगी पिस्तुलांवर बंदी घातली. तेव्हापासून ब्रिटनच्या कोणत्याही शाळेत असे गोळीबाराचे हत्याकांड झालेले नाही. आधीही अशा घटना तेथे विरळाच होत्या, हे शास्त्राच्या शिस्तीने नमूद केले पाहिजे.

कळले तर काय करावे?

आता दुसरी वाट. व्हर्जिनिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ड्यूई कॉर्नेल यांनी २००१ पासून शाळांसाठी एक पद्धत बसवली. प्राध्यापक डेव्हिस ज्या आवारात मारले गेले तेच हे विद्यापीठ. एखाद्या मुलाच्या तोंडून धमकी निघाली, किंवा कोणाला काळजी वाटली, की शाळेतील एक छोटा गट एकत्र बसतो : मुख्याध्यापक, समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ, पोलीस अधिकारी. मुलाशी, त्याच्या मित्रांशी, पालकांशी बोलणे होते. विचारावयाचे ते एवढेच : हे रागाच्या भरातले बोलणे आहे, की खरोखर बेत आहे, साधन हाताशी आहे, तयारी चालू आहे? पहिल्या प्रकारात समजूत आणि दिलगिरी यांवर प्रकरण मिटते. दुसऱ्या प्रकारात ज्याला धोका आहे त्याचे संरक्षण करावयाचे आणि मुलाला मदतही द्यावयाची.

पहिल्या चाचणीत ३५ शाळांतील १८८ धमक्या अशा रीतीने तपासल्या. त्यांतील ७० टक्के पहिल्या प्रकारच्या निघाल्या. एकही धमकी प्रत्यक्षात आली नाही. अर्थात अशा घटना मुळातच इतक्या विरळ, की 'एकही नाही' हा पुरावा फारसा भक्कम नव्हे. म्हणून पुढे ४० शाळांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून प्रयोग झाला. जेथे ही पद्धत लावली त्या शाळांत धमकी देणाऱ्या मुलांना समुपदेशन अधिक मिळाले व दीर्घकाळ शाळेबाहेर काढण्याचे प्रमाण बरेच घटले. २०१३ मध्ये व्हर्जिनियाने सर्व सरकारी शाळांना असे गट नेमणे सक्तीचे केले.

याउलट शाळेच्या दारात सशस्त्र रक्षक ठेवण्याचा उपाय लोकप्रिय आहे, पण १९८० ते २०१९ या काळातील १३३ घटनांच्या अभ्यासात रक्षक असल्यामुळे बळी कमी झाल्याचे आढळले नाही. कोलंबाइनलाही सशस्त्र पोलीस नेमलेला होता. आत्महत्येच्या विचाराने आलेल्याला मरणाची भीती घालून काय उपयोग?

पद्धत कागदावर असून भागत नाही. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी मिशिगन राज्यातील ऑक्सफर्ड येथे एका शिक्षिकेने पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याच्या कागदावर बंदुकीचे चित्र आणि मदत मागणारे शब्द पाहिले. तिने वर कळवले. आईवडिलांना बोलावून घेतले. त्यांनी मुलाला घरी नेले नाही, दप्तर कोणी उघडून पाहिले नाही, मुलगा वर्गात परत गेला. थोड्याच वेळात त्याने चार विद्यार्थ्यांचा जीव घेतला. चार दिवसांपूर्वी वडिलांनी घेतलेले पिस्तूल त्या दप्तरातच होते. २०२४ मध्ये त्याच्या आईवडिलांना सदोष मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली. अशा प्रकरणात अमेरिकेत पालकांना असे दोषी ठरवण्याची ही पहिलीच वेळ. त्या सकाळी दोन्ही प्रश्नांची उत्तरे एका खोलीत होती. ती कोणी विचारली नाहीत.

मात्र दुसऱ्या बाजूची उदाहरणेही आहेत. २००६ ते २०१८ या काळात आखले गेलेले पण पार न पडलेले ६७ बेत सीक्रेट सर्व्हिसने २०२१ मध्ये अभ्यासले. ते बहुतेक वेळा उघडकीस आले ते कोणा विद्यार्थ्याने मोठ्या माणसाला सांगितल्यामुळे. मुले सांगतात केव्हा? ज्यांना आधी कळले होते अशांच्या २००८ च्या अभ्यासात दिसले की हे बहुतांशी शाळेच्या वातावरणावर ठरते. सांगितल्यावर आपलेच ऐकून घ्यावे लागेल, आपण अडचणीत येऊ, असे वाटले तर मूल गप्प बसते.

या लेखात आम्ही एकाही हल्लेखोराचे नाव दिलेले नाही. अशी एक घटना गाजली की पुढचे सरासरी तेरा दिवस तशाच दुसऱ्या घटनेची शक्यता वाढते, असे २०१५ मधील एका गणिती अभ्यासात आढळले आहे. नाव आणि छायाचित्र हेही एक प्रकारचे खतपाणीच.

आपल्याकडे

भारतात शस्त्राला १९५९ च्या कायद्याने परवाना लागतो आणि घरोघरी बंदुका नाहीत, म्हणून ही समस्या आपल्याकडे अमेरिकेसारखी नाही. पण जेथे ती दिसली तेथे सूत्र तेच होते. डिसेंबर २००७ मध्ये गुडगावच्या एका शाळेत आठवीतील दोघांनी वर्गमित्राला मारले, जानेवारी २०१८ मध्ये यमुनानगरला बारावीच्या विद्यार्थ्याने मुख्याध्यापिकेवर गोळ्या झाडल्या. दोन्ही वेळा शस्त्र वडिलांचे होते. जुलै २०२४ मध्ये बिहारच्या सुपौल जिल्ह्यात तर बालवर्गातल्या मुलाने दप्तरातून पिस्तूल आणले व तिसरीतील मुलाला जखमी केले. त्या वयात बेत नसतो, द्वेष नसतो. फक्त हाताला लागलेले पिस्तूल असते.

आपल्या वर्गात बंदूक बहुधा कधी येणार नाही. पण अपमान गिळून बसलेले मूल, वहीच्या मागच्या पानावर मरणाचे लिहिणारे मूल, आणि ते वाचलेला त्याचा शेजारी हे वर्गात आजही असतात. शेजारच्याने आपल्याला येऊन सांगावे असे आपण वागतो का? सांगितल्यावर पहिले वाक्य आपण काय बोलतो? चुगली करू नकोस, असे तर नाही? चुगली दुसऱ्याला अडकवण्यासाठी असते आणि सांगणे त्याला सोडवण्यासाठी, हा फरक मुलांना वर्षाच्या सुरुवातीलाच समजावून द्यावा लागतो. आणि मुख्याध्यापक, वर्गशिक्षक व पालक यांनी एकत्र बसून आपापले तुकडे जुळवण्याची रीत घालावी लागते.

त्या प्रशिक्षण वर्गातील बाई पुन्हा भेटल्या नाहीत. भेटल्या तर त्यांना सांगावयाचे आहे की इतक्या तज्ज्ञांना योग्य प्रश्नापर्यंत पोचायला जी वर्षे लागली ती तुम्हाला लागली नाहीत. होय, आधी कळले होते. बहुतेक वेळा एका मुलाला कळलेले असते, आणि कोणाला सांगावे हे त्याला कळत नसते.